पदवीनंतरची पहिली परीक्षा : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही लिहावे, अशी संपादक मंडळींनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आली ती आपल्यासारखी माणसे. कोणी पुण्याहून, कोणी सोलापूर-सांगलीकडून, कोणी विदर्भ-खानदेशातून पोटापाण्यासाठी या बंगळूर नगरीत आली आणि येथलीच झाली. प्रस्तुत लेखकही केंद्र सरकारच्या नोकरीतील बदल्यांच्या ओघात येथे आला आणि या शहराच्या शांत, समशीतोष्ण स्वभावाच्या प्रेमात पडला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या वा भाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. महाराष्ट्रातून बंगळुराकडे येणारा हा ओघ आता आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एक तरुण याच्या नेमक्या उलट दिशेने गेला होता. त्याने पदवी घेतली बंगळुरात, स्थापत्यशास्त्र शिकले पुण्यात आणि नोकरीचा श्रीगणेशा केला नाशिक-खानदेशात. तो तरुण म्हणजे पुढे भारतरत्न झालेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. आगगाडीच्या आवाजावरून पुढचा रूळ तुटल्याचे त्यांनी ओळखले, सरकारी कामाची मेणबत्ती आणि खाजगी कामाची मेणबत्ती ते वेगळी ठेवीत, इत्यादी. या कथा ऐकावयास गोड असल्या तरी त्यांत माणूस हरवतो आणि मूर्ती उरते. म्हणून त्या बाजूस ठेवून, पदवी हाती आल्यावर या माणसाने कामाला आरंभ कसा केला आणि त्या आरंभातून पुढचे आयुष्य कसे घडले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

बंगळुरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, नंदीच्या डोंगराच्या परिसरात मुद्देनहळ्ळी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ सप्टेंबर रोजी त्यांचा जन्म झाला. जन्मवर्षाच्या १८६० व १८६१ अशा दोन नोंदी आढळतात. घराण्याचे मूळ गाव आंध्रातील मोक्षगुंडम. तेच नावापुढे राहिले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतज्ञ होते, पण घरी लक्ष्मीचा वास नव्हता. मुलाच्या लहानपणीच त्यांचे छत्र हरपले. चिक्कबळ्ळापूरच्या शाळेतील शिक्षण झाल्यावर हा मुलगा मामांच्या आधाराने बंगळुरास आला आणि यथावकाश सेंट्रल कॉलेजात दाखल झाला. स्वतःच्या खर्चासाठी तो एका प्रतिष्ठित कोडगू कुटुंबातील मुलांची शिकवणी करीत असे. कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचे या गणितात तरबेज असलेल्या विद्यार्थ्यावर विशेष लक्ष होते. १८८१ साली मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी त्याने उत्तम रीतीने मिळविली.

येथवरची कथा त्या काळातील कोणत्याही हुशार व गरीब विद्यार्थ्याची म्हणता येईल. बी. ए. झालेल्या तरुणाला त्या वेळी कचेरीत कारकुनी किंवा शाळेत मास्तरकी सहज मिळाली असती. पण त्याच वर्षी म्हैसूरचे राज्य पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर पुन्हा वडियार घराण्याच्या स्वाधीन झाले होते आणि दिवाण रंगाचार्लू यांना होतकरू तरुण हवे होते. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकावयास आले. १८५४ साली बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा एक वर्ग म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे पुण्याचे प्रसिद्ध इंजिनिअरिंग कॉलेज झाली. परमुलुख, परभाषा आणि बेताचा पैसा अशा स्थितीत त्यांनी अभ्यास केला. १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. या यशामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना थेट असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. १८८४ साली ते नाशिकच्या मुख्यालयी रुजू झाले आणि लवकरच खानदेशातील कामांवर त्यांची रवानगी झाली.

खानदेशातील पांझरा नदीचे खोरे पाण्याच्या वाटणीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी न्यावयाचे, गावच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी ठरल्या पाळीने द्यावयाचे, अशी ही फडपद्धती. तिच्यामागे ग्रंथ नव्हता, पदवी नव्हती. होता तो केवळ शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पुस्तकी विद्येत पहिला आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण अधिकारी अशा मुलखात येऊन पडला, हा एक सुयोगच म्हणावयाचा.

त्याच्यावर सोपविलेले काम असे होते. साक्रीजवळ दातर्ती येथे पाटाचे पाणी नदीपात्रापलीकडे न्यावयाचे होते. त्यासाठी पात्राच्या तळाखालून नळ घालून सायफन बांधावयाचा होता. एका काठावर उंचावरून शिरलेले पाणी तळाखालून जाते आणि स्वतःच्याच दाबाने दुसऱ्या काठावर पुन्हा वर चढते. तत्त्व साधे आहे. पण त्यासाठी नदीच्या पोटात खणून, खडकापर्यंत पाया मोकळा करून नळ बसवावे लागतात. काम चालू असतानाच पावसाळा लागला. खणावे आणि पुराने ते वाळूने भरून टाकावे, असा प्रकार सुरू झाला. मजुरी वाया जाऊ लागली. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे या नवशिक्या अधिकाऱ्याने वरिष्ठांस लिहून कळविले.

वरिष्ठ म्हणजे गोरे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. त्यांना ही सूचना रुचली नाही. हा तरुण अडचणींना भितो आणि आज्ञा टाळतो, असा त्यांनी अर्थ घेतला आणि तसे प्रतिकूल मत कळविले. नोकरीत येऊन काही महिनेच झालेले. पाठीशी कोणी नाही. आणि सेवापुस्तकात पहिलीच नोंद अशी पडण्याची चिन्हे! ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या प्रसंगाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे मान खाली घालून, आपले मत चुकले असे कबूल करून मोकळे होणे. दुसरी म्हणजे रागाने राजीनामा फेकणे, अथवा त्याहून वाईट, काम कसे फसते ते हात बांधून पाहत बसणे. विश्वेश्वरय्यांनी यांपैकी कोणतीच वाट धरली नाही. आपले मत त्यांनी लेखी दिलेच होते. ते मागे घेतले नाही. परंतु वरिष्ठांची इच्छा काम पुढे चालावे अशीच आहे, हे दिसताच ते त्याच कामाला पुन्हा भिडले. पाऊस, पूर आणि वाळू यांच्याशी झगडत सुमारे दोन महिन्यांत त्यांनी सायफन पुरा केला. ज्या वरिष्ठांनी दोष दिला होता त्यांनाच पुढे त्यांच्या कर्तबगारीची दखल घ्यावी लागली.

या प्रसंगातून वरिष्ठ बरोबर होते असे सिद्ध होत नाही. पावसाळ्यानंतर तेच काम कमी खर्चात व कमी कष्टांत झाले असते, ही शक्यता उरतेच. परंतु शिक्षणसंस्थेत ज्याची परीक्षा कधीच होत नाही ते येथे तपासले गेले. विद्यापीठात उत्तर बरोबर असले की गुण मिळतात. नोकरीत उत्तर बरोबर असूनही गुण मिळत नाहीत, आणि तरीही काम पुरे करावे लागते. हे ज्याला सोसले तो अभियंता झाला. पदवी ही केवळ दाराशी नेणारी वाट असते. आत प्रवेश मिळतो तो अशा एखाद्या पांझरेच्या पात्रातून.

यानंतरची चोवीस वर्षांची त्यांची सेवा म्हणजे या पहिल्या धड्याचा विस्तार होय. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. १८९३ च्या सुमारास सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्यांची नेमणूक झाली. सिंधू नदीचे पाणी अतिशय गढूळ आणि ते गाळण्याची नेहमीची यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नाही, अशी अडचण होती. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून, वाळूतून आपोआप झिरपून आलेले स्वच्छ पाणी घेण्याची युक्ती काढली. ज्या वाळूने पांझरेत त्यांचा पाया बुजविला होता, तिलाच सिंधूच्या पात्रात त्यांनी गाळणी म्हणून राबविले!

त्यानंतर पुण्याचा काळ आला. या काळात न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले अशा थोरांचा सहवास त्यांना लाभला. १८९८ साली रजा काढून ते जपान पाहून आले आणि शिक्षण व उद्योग यांवाचून देशाला तरणोपाय नाही, हा त्यांचा विचार तेथे पक्का झाला. १८९९ साली त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धतीची योजना मांडली. कालव्याच्या तोंडाजवळच्यांनी वाटेल तेवढे पाणी घ्यावे आणि शेपटाकडच्यांनी कोरडे राहावे, यावर हा उपाय होता. जमिनीचे ठराविक गट पाडून, त्यांत उसासारखे तहानलेले पीक मर्यादित ठेवून, पाणी पाळीने अधिक गावांत फिरवावयाचे. खानदेशातील फडांची आठवण येथे सहजच होते.

पुणेकरांच्या मनात त्यांचे नाव जोडले गेले ते खडकवासल्याशी. धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाया जाई. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारांची रचना केली. पाणी ठराविक पातळीवर पोचले की दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे जुन्याच धरणात सुमारे आठ फूट अधिक पाणी साठविता येऊ लागले. १९०३ च्या सुमारास ही दारे बसली. रचनेचे पेटंट त्यांच्या नावे होते, तथापि आपण सरकारी नोकर आहोत या भावनेने त्यांनी त्यावर मोबदला घेतला नाही. ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि पुढे कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले. पुण्यावर कोसळलेल्या त्या संकटाच्या वेळी शंभरीतील विश्वेश्वरय्या बंगळुरात हयात होते.

धारवाड, विजापूर इत्यादी शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना, १९०६ साली एडनच्या पाणीपुरवठ्याचे व सांडपाण्याचे काम, अशी त्यांची कीर्ती वाढत होती. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या. परंतु खात्याच्या सर्वोच्च जागा त्या काळी गोऱ्यांसाठीच राखल्यासारख्या होत्या. आपली योग्यता असूनही चीफ इंजिनिअरची जागा आपणास मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०८ साली, सेवेची पंचवीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांनी निवृत्ती घेतली. पांझरेच्या काठी त्यांनी आज्ञा पाळली होती, कारण तेथे प्रश्न कामाच्या वेळेचा होता. येथे प्रश्न स्वत्वाचा होता. म्हणून येथे ते उठून गेले. कोठे थांबावे आणि कोठून उठावे, हा विवेक त्यांच्या चरित्रात जागोजागी दिसतो.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दैना झाली, तेव्हा निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. पूर अडविण्यासाठी नदीच्या वरच्या अंगास जलाशय बांधावेत, ही त्यांची सूचना पुढे उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या रूपाने साकार झाली. १९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले. ज्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास गेले होते, त्या राज्याच्या सेवेत ते अठ्ठावीस वर्षांनी परतले.

येथे त्यांनी कावेरीवर कन्नंबाडी येथे कृष्णराजसागर धरणाचे काम हाती घेतले. शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रास आणि त्यावर चालणाऱ्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना बारमाही पाणी हवे होते. शिवाय मंड्याकडची कोरडी जमीन भिजवावयाची होती. खर्चाचा आकडा पाहून संस्थानातील अधिकारी कचरत होते. मद्रास सरकार तर खालच्या शेतीच्या पाण्यासाठी धरणाची उंची वाढू देण्यास तयार नव्हते. प्रारंभी ऐंशी फुटांपर्यंतचीच परवानगी होती. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाचा घातला! १९११ साली सुरू झालेले हे काम १९२४ च्या मद्रास-म्हैसूर करारानंतर १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी पूर्णत्वास गेले. सुमारे १३० फूट उंचीचे हे धरण सिमेंटऐवजी सुरखी-चुन्यात बांधलेले आहे. त्याच्या पाण्यावर मंड्याचा माळ उसाने हिरवा झाला. पाया रुंद ठेवावा, उंची काळाच्या ओघात वाढते, हा धडा नव्या पदवीधरांनी मनात ठेवण्याजोगा आहे.

१९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. पुढील सहा वर्षांत म्हैसूर बँक, कन्नड साहित्य परिषद, म्हैसूर विद्यापीठ, चंदन तेलाचा कारखाना अशा संस्था उभ्या राहिल्या आणि भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजना आकारास आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९१७ साली बंगळुरात सुरू झालेले इंजिनिअरिंग कॉलेज. ज्या विद्येसाठी त्यांना स्वतः घरापासून दूर पुण्यास जावे लागले, ती विद्या आता म्हैसूरच्या मुलांना घरच्या अंगणात मिळू लागली. के. आर. सर्कलजवळचे हे कॉलेज आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दिवाणपद त्यांनी १९१८ च्या अखेरीस सोडले. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना राखीव जागा देण्याचा प्रश्न महाराजांनी नेमलेल्या मिलर समितीपुढे होता आणि केवळ गुणवत्तेवर निवड व्हावी, असा विश्वेश्वरय्यांचा आग्रह होता. या बाबतीत त्यांचे मत सर्वांनाच पटेल असे नाही. शिकवणी करून का होईना, पण शाळेच्या दारात उभे राहण्याची संधी त्यांना मिळाली होती. ज्यांच्या वाट्याला तीही आली नव्हती त्यांची बाजू खरीच होती आणि काळाने ती मान्य केली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तर १९०२ सालीच राखीव जागांचा हुकूम निघाला होता. परंतु मतभेद झाला म्हणून त्यांनी कारस्थान केले नाही, खुर्चीला चिकटूनही राहिले नाहीत. मत मांडले आणि ते बाजूस झाले.

पुढे १९२३ पासून त्यांनी तोट्यात रुतलेल्या भद्रावतीच्या कारखान्याची धुरा वाहिली. त्या कामाचा मोबदला स्वतःसाठी न घेता त्यातून तरुणांना हस्तव्यवसाय शिकविणारी संस्था काढावी, असे त्यांनी सुचविले. १९४३ साली बंगळुरात निघालेली जयचामराजेंद्र ऑक्युपेशनल इन्स्टिट्यूट ती हीच. भारतात मोटारी बनाव्यात यासाठी त्यांनी योजना आखली आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांना त्या कामी साथ दिली. वालचंदांनी पुढे मुंबईत मोटारींचा कारखाना काढला. त्यांनीच म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना सुरू केला. त्या कारखान्याच्या आणि स्वातंत्र्यानंतर येथे आलेल्या इतर सरकारी उद्योगांच्या आधाराने किती मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली, हे आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांस ठाऊक आहेच.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६० साली त्यांच्या जन्मशताब्दीचे टपाल तिकीट ते हयात असतानाच निघाले. असा मान त्यांच्या आधी १९५८ साली मिळाला होता तो आपल्या महर्षी अण्णासाहेब कर्वे यांना. शतायुषी होण्याचे भाग्य लाभलेले हे दोन्ही भारतरत्न १९६२ सालीच दिवंगत झाले. विश्वेश्वरय्यांनी १४ एप्रिल रोजी बंगळुरात देह ठेवला आणि मुद्देनहळ्ळीच्याच मातीत त्यांना निरोप देण्यात आला. नागपूरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि बेळगावचे तंत्रज्ञान विद्यापीठ आज त्यांचे नाव अभिमानाने धारण करतात. त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

एका घरगुती गोष्टीने हा लेख संपवितो. माझा भाचा पदवी घेऊन बंगळुरास नोकरीला आला आणि आमच्याच घरी उतरला. सहा महिन्यांतच त्याचा चेहरा उतरला. चार वर्षे शिकलेले काही उपयोगी पडत नाही, मत दिले तर वरिष्ठ ऐकत नाहीत, नोकरी सोडून परत जावे असे वाटते, असे तो मामीपाशी बोलला. मी बी. ए. झालेला कचेरीतला माणूस. त्याच्या यंत्रातले मला काय कळणार? एका रविवारी त्याला घेऊन मी मुद्देनहळ्ळीस गेलो. तेथील स्मृतिसंग्रहालय पाहून परतताना पांझरेच्या सायफनची ही हकीकत त्याला सांगितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेहमीच्या वेळेआधीच डबा घेऊन बाहेर पडला. आठवड्याने समजले की त्याने आपले म्हणणे वरिष्ठांस व्यवस्थित लिहून दिले होते आणि सांगितलेले कामही पुरे करून टाकले होते. त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. पण परत जाण्याची भाषा त्यानंतर आमच्या घरात ऐकू आली नाही.

आपल्या मंडळातील जी मुलेमुली यंदा पदवी घेऊन कामाला लागतील त्यांच्याही वाट्याला एखादी पांझरा येईलच. त्या वेळी त्यांना या महापुरुषाच्या पहिल्या पावसाळ्याची आठवण व्हावी, एवढीच प्रार्थना करून, त्यांच्या पुण्यस्मृतीस अभिवादन करतो.